धानाच्या मुलखातील निराधारांचे दप्तर

वृद्ध आणि निराधार माणसांच्या आश्रयस्थानाचा इतिहास लिहू पाहणारा मनुष्य स्वाभाविकपणेच एखाद्या इमारतीचा शोध घेऊ लागतो. दगडी जोते, दात्याच्या नावाची शिला, स्थापनेचे साल आणि आत ओळीने मांडलेल्या खाटा एवढे हाती लागले, की इतिहासाला आरंभ सापडला असे त्याला वाटते. पुण्यात किंवा मुंबईत असा शोध सफल होतो. परंतु वैनगंगा, बाघ आणि चुलबंद या नद्यांच्या ज्या मुलखाला आज आपण गोंदिया जिल्हा म्हणतो, आणि जो १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचाच एक भाग होता, तेथे या शोधात हिंडणाऱ्यास प्रथम भेटतात ते तलाव, मग धानाच्या बांध्या, आणि सर्वांत शेवटी कचेरीतील दप्तरे. निराधार वृद्धाचा योगक्षेम येथे पिढ्यानुपिढ्या या तिहींच्या आधाराने चालत आला. तो चालवण्याचे उत्तरदायित्व गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत गावाकडून दुष्काळी अंमलदारांकडे आणि त्यांच्याकडून सरकारी तिजोरीकडे गेले. आणि दर वेळी देणारा हात थोडा दूर सरकला व घेणाऱ्याकडे मागितला जाणारा पुरावा थोडा लांबला, हे या इतिहासाचे सूत्र आहे.

या मुलखातील, म्हणजे झाडीपट्टीतील, तलाव मनुष्यांनी बांधलेले आहेत. दोन टेकड्यांमधील खिंडीला मातीची पाळ घालून पावसाचे पाणी अडवण्याची विद्या कोहळी समाजाने येथे इतक्या निष्ठेने जोपासली, की नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय आजही कोलू पाटील कोहळी या पुरुषाच्या नावाने ओळखला जातो. तलाव भरला म्हणजे पऱ्हे जगत, रोवणी होई, आणि दिवाळीनंतर खळ्यावर धानाची रास पडली, की त्या राशीतून पाणी वाटणारा पाणकर, कोतवाल, लोहार, सुतार, न्हावी यांचे वाटे काढले जात. अंगात बळ न उरलेल्या माणसाचा या हिशेबात स्वतंत्र वाटा लिहिलेला नसे, तथापि त्याच्यासाठी जागा ठेवलेली असे. पिकावरच्या पाखरांची राखण, अंबाडीची दोरी वळणे, रोवणीच्या दिवसांत घरोघरची लेकरे सांभाळणे ही म्हातारपणाची कामे होती. कापणी झालेल्या बांधीत पडून राहिलेल्या लोंबी, म्हणजे सरवा, वेचण्याची मुभा गावातल्या गरीब डोकरीला असे. आणि चैत्रात मोहफुले, वैशाखात तेंदूची पाने, पावसाळ्यात तलावाकाठची भाजी व लहान मासळी यांवर तिचे उरलेले महिने निघत.

या मुभेला पुढे इंग्रजी अमलात कागदाचे रूप मिळाले. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५३ साली खालसा झाले, १८६१ साली मध्य प्रांत निर्माण करण्यात आला, आणि त्यानंतरच्या जमाबंदीत जे पूर्वी गावाचा वसूल गोळा करणारे पाटील अथवा इजारदार होते त्यांना मालगुजार म्हणून गावाच्या मालकीचे हक्क देण्यात आले. त्या वेळी तयार झालेल्या ‘वाजिब-उल-अर्ज’ या गावकागदात चराई, सरपण, तलावाचे पाणी, गावठाणातील घराची जागा अशा निस्ताराच्या हक्कांची नोंद होऊ लागली. निस्ताराचा हा हक्क सगळ्या गावाचा असल्यामुळे, ज्याला जमीन नाही, बैल नाही आणि मुलगाही नाही अशा वृद्धाची जी थोडीफार मिळकत होती ती याच हक्कात सामावलेली होती. त्याच्या नावे वेगळे दान कोणी लिहून ठेवले नव्हते. तरीही सामायिक रान आणि सामायिक पाणी शाबूत असेपर्यंत त्याला कोणाच्या दारी जाऊन हात पसरण्याची वेळ वर्षातून थोडेच दिवस येई.

या व्यवस्थेचे गुणगान करताना तिच्या दोन उणिवांकडे डोळेझाक करणे मात्र योग्य होणार नाही. ज्याच्या ओसरीवर पेज मिळे त्याच्या मर्जीवर ती अवलंबून असे, आणि मालगुजाराचा स्वभाव दयाळू असणे हा काही गावकागदातील हक्क नव्हता. शिवाय ओसरी सर्वांना सारखी उघडी नव्हती. महाराच्या वृद्ध विधवेला जे अन्न मिळे ते अंगणाबाहेर, आणि रानातल्या गोंड म्हाताऱ्याला तर गावच्या राशीपेक्षा रानच अधिक भरवशाचे वाटे. दुसरी उणीव निसर्गाने ठेवलेली होती. सगळा डोलारा तलावाच्या पाण्यावर उभा असल्याने ज्या वर्षी तलाव भरला नाही त्या वर्षी देणारा आणि घेणारा दोघेही एकाच वेळी रिकाम्या हाताने बसत.

अशी वर्षे शतकाच्या अखेरीस पाठोपाठ आली. १८९६ साली पाऊस हंगाम संपण्यापूर्वीच थांबला आणि ऐन दाणा भरण्याच्या वेळी धान वाळले; त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच १८९९ साली पावसाने पुरती पाठ फिरवली. १८९१ च्या खानेसुमारीत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ७ लाख ४३ हजार होती, ती १९०१ साली सुमारे ६ लाख ६३ हजारांवर उतरली. यात जे गेले त्यांत अशक्त व वृद्ध यांचा भरणा अधिक असणार हे सांगायला आकडेशास्त्र लागत नाही, कारण भुकेच्या दिवसांत रोग प्रथम त्यांनाच गाठतो. गावाची ओसरी बंद पडली, रान उजाड झाले, आणि निराधार वृद्ध प्रथमच मोठ्या संख्येने सरकारच्या दारी येऊन उभा राहिला.

सरकारच्या हाती त्या वेळी तयार नियमावली होती. सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० साली आपला अहवाल दिला होता आणि त्याच्या आधारे १८८३ पासून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ-संहिता रचल्या गेल्या होत्या. या संहितांच्या मुळाशी इंग्लंडातील १८३४ च्या दरिद्री-कायद्याचे तत्त्व होते: मदत अशी असावी की जिला खरोखर दुसरा उपाय नाही तीच व्यक्ती ती घ्यायला येईल. म्हणून धडधाकट माणसाला खडी फोडण्याच्या किंवा तलाव खोदण्याच्या कामावर लावून त्याच्या गरजेची परीक्षा घ्यायची, आणि ज्यांना कामच होत नाही अशांचे दोन वर्ग करायचे. गावातच राहणाऱ्या आंधळ्या, पांगळ्या, वृद्ध, आजारी माणसांची यादी पटवारी आणि मुकादम यांनी करावी, मंडळाच्या अंमलदाराने ती तपासावी, आणि त्यांना गावीच धान्य अथवा पैसा द्यावा. जे गाव सोडून भटकत असतील त्यांना मात्र मोहताजखान्यात दाखल करावे. हा मोहताजखाना म्हणजे कुडाच्या भिंतींची, तणसाच्या छपरांची, कुंपण घातलेली वस्ती. तिच्यावर वैद्यकीय अंमलदाराची देखरेख, दाराशी हजेरीबुक आणि आत ठरलेल्या वजनाचे अन्न. वृद्ध दरिद्री माणसांसाठी मध्य प्रांतात सरकारने उभारलेले हे पहिले व्यापक आश्रयस्थान होय, आणि त्याच्याविषयी लोकांच्या मनात एवढी धास्ती होती की अगदी मरणाला टेकल्याशिवाय तेथे कोणी पाऊल ठेवीत नसे. घर सुटेल, जात जाईल, मेल्यावर कोण माती देईल, असे नाना प्रश्न त्या दारात येऊन थबकत.

पहिल्या दुष्काळात परीक्षा आधी आणि अन्न नंतर हा क्रम पाळला गेला, आणि १८९७ साली मध्य प्रांतातील मृत्यूंची संख्या भयंकर वाढली. त्या अनुभवातून प्रशासनाने जो धडा घेतला तो या साऱ्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय भाग आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळात प्रांताने संहितेतील कडकपणा बाजूला ठेवून गावोगाव शिजवलेल्या अन्नाची केंद्रे उघडली. गावची शाळा किंवा पोलिसांचे ठाणे हीच त्यांची जागा, आणि पुष्कळ ठिकाणी शाळामास्तर हाच त्यांचा व्यवस्थापक. सकाळी चूल पेटे, तांदूळ व डाळ मापून पडे, लेकरे व म्हातारी माणसे पंगतीने बसत, आणि मास्तर एका हाताने माप सांभाळीत दुसऱ्या हाताने वहीत खूण करी. अन्न तेथेच बसून खावे लागे. त्यामुळे ज्याला भूक नाही तो आपोआपच येत नसे, आणि गरज सिद्ध करण्यासाठी वेगळा कागद मागण्याचे कारणच उरत नसे. जातीचा प्रश्न येथेही होताच, म्हणून स्वयंपाकाला उच्च मानल्या गेलेल्या जातीची माणसे नेमण्याची दक्षता घ्यावी लागे आणि तरीही पुष्कळ जण उपाशी राहणे पत्करीत. एवढे असूनही १९०० च्या उन्हाळा-पावसाळ्यात प्रांतातील साहाय्य घेणाऱ्यांची संख्या २० लाखांच्या वर गेली. पीक पहिल्यापेक्षा अधिक बुडालेले असताना भुकेने झालेली हानी मात्र पहिल्यापेक्षा आटोक्यात राहिली. १९०१ च्या मॅक्डोनेल दुष्काळ आयोगाने हे साहाय्य गरजेपेक्षा सढळ झाले अशी टीका केली. ज्या सढळपणामुळे माणसे जगली त्यालाच हिशेबतपासनिसाने दोष मानावा, यात त्या राज्यपद्धतीचा स्वभाव पुरेपूर व्यक्त होतो.

दुष्काळ सरला, चुली विझल्या, मोहताजखाने मोडले गेले. त्यांतून काही कायमच्या संस्था निघाल्या खऱ्या, परंतु त्या कोणासाठी निघाल्या हे पाहण्यासारखे आहे. पंडिता रमाबाई १८९७ साली मध्य प्रांतात येऊन सुमारे ३०० विधवा व मुली आपल्या आश्रयास घेऊन गेल्या आणि केडगावचे मुक्तिसदन त्यातून विस्तारले. मिशनऱ्यांनी ठिकठिकाणी अनाथालये काढली. हिंदू समाजातील सुधारकांनीही बालकाश्रम व विधवाश्रम यांकडे लक्ष वळवले. या सर्वांचे ऋण मोठे आहे. तरीही मुलाला वाढवले तर तो शिकेल, कमावेल, एखाद्या धर्माचा अनुयायी वा एखाद्या चळवळीचा कार्यकर्ता होईल, अशी आशा दात्याला असते. सत्तरीच्या निराधार म्हाताऱ्याला पोसण्यात त्याला पोसण्यापलीकडे दुसरे काहीच साध्य होत नाही. म्हणून दुष्काळाच्या राखेतून अनाथालये उगवली आणि वृद्धांचे आश्रय उगवले नाहीत. दानालाही फळाची अपेक्षा असते, हे येथे उघड झाले.

ज्या नगरांत व्यापाराचा पैसा साचला होता तेथे हा प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला गेला. मुंबईत १८३४ साली सर जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने पांजरापोळ निघाला, आणि म्हाताऱ्या गाईबैलांना हक्काचे छप्पर मिळाले. निराश्रित माणसांसाठी जमशेटजींनी भायखळ्याकडे बांधलेली धर्मशाळा त्यामागून आली. पुण्यात १८६० च्या दशकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून अनाथ पंगुगृह उभे राहिले, आणि आज ‘निवारा’ या नावाने नवी पेठेत चालणारी संस्था ती हीच. बगदादमध्ये १७९२ साली जन्मलेला हा यहुदी व्यापारी छळाला कंटाळून मुंबईस आला, अफू व कापसाच्या व्यापारात अपार संपन्न झाला आणि १८६४ साली पुण्यातच निवर्तला. लष्कर भागातील लाल देवळाच्या आवारात त्याची समाधी आहे. परमुलखातून आश्रयास आलेल्या गृहस्थाने दुसऱ्यांच्या आश्रयाची सोय करावी हे स्वाभाविक होते, आणि ती सोय टिकली याचे कारण तिच्या मागे इमारत, निधी आणि विश्वस्त मंडळ अशी तिहेरी तटबंदी होती. दात्याच्या उत्साहावर चालणारे सदावर्त दात्याबरोबर संपते. विश्वस्तनिधीवर चालणारे गृह दात्यानंतर दीड शतक चालते.

विदर्भाने या तटबंदीशिवायही एक मार्ग दाखवला. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले डेबूजी, म्हणजे संत गाडगे महाराज, यांनी १९०५ साली घर सोडले आणि पुढच्या अर्धशतकात नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा बांधवल्या व अंध-पंगूंसाठी अन्नदानाची व्यवस्था केली. स्वतः त्या धर्मशाळांत मालक म्हणून न राहता त्यांनी त्या विश्वस्तांच्या स्वाधीन केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे दिली. गावातल्या ओसरीने जी जात विचारली ती या धर्मशाळांनी विचारू नये असा त्यांचा कटाक्ष होता, आणि जुन्या ग्रामव्यवस्थेच्या पहिल्या उणिवेवरचा तो थेट इलाज होता.

इकडे धानाच्या मुलखात दुसरा मोठा पालट ३१ मार्च १९५१ रोजी झाला. त्या दिवसापासून मध्य प्रदेशात, ज्यात तेव्हा हा मुलूख होता, मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव, गावरान, झाडे हे सारे शासनाकडे गेले. न्यायाच्या दृष्टीने ही गोष्ट केव्हाच व्हायला हवी होती. परंतु तलावाची पाळ दरवर्षी दुरुस्त करवून घेणारा जो कोणी होता त्याची जागा घेणारा कोणी तितक्या तत्परतेने नेमला गेला नाही. तलाव काही पाटबंधारे खात्याकडे, काही जिल्हा परिषदेकडे वाटले गेले, कित्येकांत गाळ साचला, कित्येकांत बेशरमाची झुडपे माजली, आणि काठावर अतिक्रमणे झाली. सामायिक पाण्याबरोबर त्या पाण्यावर जगणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची लहानशी मिळकतही आटली.

ज्या गोंदिया शहरात नवा पैसा जमा होत होता तेथे आगगाडीने आणलेले दुसरेच जग होते. बंगाल-नागपूर रेल्वेच्या हमरस्त्यावरचे हे स्थानक विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरकडे जाणाऱ्या लहान गाडीमुळे जंक्शन झाले. भात गिरण्या वाढल्या, तेंदूपत्त्याच्या आधाराने विडीचे कारखाने भरभराटले. त्या धनातून झालेले सर्वांत दूरगामी दान शिक्षणासाठी होते: मनोहरभाई पटेल यांनी १९५८ साली स्थापलेल्या गोंदिया एज्युकेशन सोसायटीने या मागास मुलखात शाळा-महाविद्यालयांचे जाळे विणले. येथेही दानाचा ओघ उगवत्या पिढीकडेच वळला. मावळती पिढी होती ती घरी सुपात पाने व तंबाखू घेऊन बसलेल्या विडी कामगार स्त्रियांची. हजाराच्या हिशेबाने मजुरी मिळवणाऱ्या या स्त्रियांची नजर व बोटे थकली, की हजाराचे सातशे, सातशेचे चारशे होत. आणि केंद्र शासनाने १९६६ साली विडी कामगारांसाठी कायदा व १९७६ साली कल्याण निधी केला, तरी ज्यांची नावे कारखान्याच्या हजेरीत नीट चढलीच नव्हती त्यांना त्याचा लाभ मिळणे दुरापास्तच होते.

म्हणून १९८० साली महाराष्ट्र शासनाने संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली तेव्हा येथील वृद्धांच्या इतिहासाचे तिसरे पर्व उघडले. पुढे पासष्ट वर्षांवरील वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आली, १९९५ साली केंद्राचे वृद्धापकाळ निवृत्तिवेतन आणि राज्याची मातोश्री वृद्धाश्रम योजना आली, आणि २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याने मुलांकडून पोटगी मागण्याचा अधिकार म्हाताऱ्या आईबापांना दिला. याच कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असे निदान एक वृद्धाश्रम राज्य शासन स्थापू शकेल, असे म्हटले आहे. ‘स्थापील’ आणि ‘स्थापू शकेल’ यांतील अंतर किती असते, हे ज्याला तहसील कचेरीचा अनुभव आहे त्याला सांगायला नको.

त्या कचेरीच्या ओट्यावर आजही हा इतिहास चालू असलेला दिसतो. महिना १,५०० रुपयांच्या अनुदानासाठी वयाचा दाखला, रहिवासी दाखला आणि वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत पोहोचलेला दाखला जोडावा लागतो. अनुदान मंजूर झाल्यावर वर्षाकाठी आपण जिवंत आहो हेही दाखवावे लागते, आणि त्यासाठीचा कागद ‘हयातीचा दाखला’ म्हणून ओळखला जातो. अंगठा यंत्रावर टेकवला, की पुष्कळ वेळा यंत्र तो नाकारते. चाळीस वर्षे रोवणी केलेल्या वा विड्या वळलेल्या हाताच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. मग फडक्याने बोट पुसून, थोडे पाणी लावून दुसरे बोट टेकवायचे, तेही जमले नाही तर पुढच्या वारी यायचे. एसटीचे अर्धे भाडे, सोबत आलेल्या नातवाची बुडालेली रोजी आणि दिवसभराचे उपाशीपण हा त्या अनुदानावर बसलेला अलिखित कर होय.

तरीही जुन्या ओसरीकडे परत जावे असे मी म्हणणार नाही. सरकारी यादीत नाव आलेल्या विधवेला कोणाचे पाय धरावे लागत नाहीत, तिची जात तिच्या बँकेतल्या पैशाला लागत नाही, आणि मालगुजाराची मर्जी फिरली म्हणून तिचा महिना चुकत नाही. कागदाने दयेचे रूपांतर हक्कात केले, ही त्याची थोरवी कोणी नाकारू नये. त्याने एक गोष्ट मात्र सोबत आणली: पुराव्याचा भार त्याने सर्वांत दुबळ्या खांद्यावर ठेवला. पात्रता शोधण्याचे काम १८९७ साली पटवारी-मुकादमाकडे तरी होते. आज ते स्वतः निराधारानेच करायचे आहे.

परीक्षा आधी आणि अन्न आधी अशा दोन्ही पद्धती या मुलखाने दुष्काळाच्या एकाच पिढीत अनुभवल्या होत्या, आणि कोणत्या पद्धतीत माणसे अधिक वाचली हे त्याला ठाऊक आहे. शाळामास्तराच्या त्या वहीत नाव आधी नव्हते. पान आधी वाढले जाई आणि खूण मागून पडे. गोंदियात कायद्याने सांगितलेला वृद्धाश्रम चालवायचा असो, अथवा तहसील कचेरीतले अनुदान द्यायचे असो, त्याच्या नियमांत हा क्रम उलटा करण्याचे धैर्य शासनाने दाखवावे: अर्ज येताच अनुदान सुरू व्हावे, चौकशी तलाठ्याने घरी जाऊन करावी, आणि चौकशीत अपात्र ठरलेल्यांची वसुली हा कचेरीचा प्रश्न असावा. त्यात काही पैसा अनाठायी जाईल, आणि एखादा आयोग पुन्हा एकदा सढळपणाचा ठपका ठेवील. तो ठपका १९०१ साली मध्य प्रांताने घेतला होता आणि तो घेण्यासारखाच होता.